सरपणाला छप्पर कोण देणार?



एक फोटो तुमच्याही मोबाइलवर कधी ना कधी आला असेल. सरकारी अनुदानातून बांधलेला संडास, दार उघडे, आत भांड्याच्या जागी छतापर्यंत रचलेले सरपण. खाली कुणीतरी लिहिलेले असते, 'यांना कितीही द्या, हे सुधारणार नाहीत.' मग हसण्याच्या चिन्हांची रांग लागते. आमच्या एका ग्रुपवर हा फोटो आला तेव्हा त्यावर हसणाऱ्यांत आमचीच शिकलेली, शहरात नोकरीला लागलेली काही मुले होती. आम्ही त्या दिवशी भांडलो नाही. पण मनात एक प्रश्न राहिला. सरपण संडासात का जाते?

चळवळीत आम्ही पाण्यावर बोलतो, कारण आमच्या लढ्याची सुरुवातच चवदार तळ्यावर झाली. आम्ही जमिनीवर बोलतो, शिष्यवृत्तीवर बोलतो, ॲट्रॉसिटीवर बोलतो. पण ज्या चुलीवर वस्तीतल्या निम्म्याहून अधिक घरांची भाकर भाजली जाते, तिच्या खाली जाणाऱ्या लाकडावर कुणी बोलत नाही. ते लाकूड कुठून येते, कोण आणते, आणि सगळ्यात महत्त्वाचे म्हणजे पावसाळ्याचे चार महिने ते कुठे राहते? हा लेख त्या शेवटच्या प्रश्नावर आहे. विषय किरकोळ वाटेल. शेवटपर्यंत वाचा आणि मग ठरवा.

आम्ही चंद्रपूर जिल्ह्यात काम करतो. बाबासाहेबांनी नागपूरनंतर दोनच दिवसांनी, १६ ऑक्टोबर १९५६ ला, ज्या चंद्रपुरात धम्मदीक्षा दिली तो हा जिल्हा. इथे जंगल आहे, कोळसा आहे, वीज केंद्र आहे, कागद कारखाना आहे. बल्लारशाचे सागवान देशभर जाते. जिथे लाकडाचा व्यापार आहे तिथे आरामशिनी आहेत, आणि जिथे आरामशिनी आहेत तिथे ढलप्या आहेत. ओंडका चिरताना, तासताना निघालेले तुकडे, सालीसकट कडेची फळकुटे, चुरा आणि भुसा. व्यापाऱ्याच्या दृष्टीने हा कचरा. आमच्या वस्तीतल्या बायांच्या दृष्टीने हे वर्षभराचे इंधन.

पूर्वी बाया जंगलात जायच्या. अजूनही जातात. पण वाघाच्या हल्ल्याची बातमी या जिल्ह्यात कुणाला नवीन नाही. सरपणाला, मोहफुलाला, तेंदूपत्त्याला गेलेली माणसे परत न आलेली घरे आम्ही पाहिली आहेत. त्यात वनखात्याचा गार्ड मोळी हिसकावतो, कुऱ्हाड जप्त करतो. म्हणून ज्यांना जमते त्या आरामशिनीच्या ढलप्यांकडे वळल्या. वाघ नाही, गार्ड नाही. पण तिथे वेगळा हिशेब आहे.

मजुरीच्या जागी ढलप्या

आमच्या ओळखीच्या एका आरामशिनीवर चार बाया रोज सकाळी जातात. अंगण झाडतात, भुशाचे ढीग बाजूला लावतात, साली गोळा करतात. त्याची मजुरी त्यांना मिळत नाही. त्याच्या बदल्यात रोज एक-एक पोते ढलप्या न्यायची परवानगी मिळते. आम्ही मालकाला विचारले तेव्हा तो अगदी सरळपणे म्हणाला, "फुकट इंधन देतो ना, आणखी काय पाहिजे?"

समाजशास्त्राच्या वर्गात आम्ही बलुतेदारीवर पानेच्या पाने लिहिली होती. वतनदार महाराने गावकीची कामे करायची, सरकारी अधिकारी मुक्कामाला आला की त्याच्यासाठी सरपण आणि चारा आणायचा, गावात मयत झाले की लाकडे वाहायची, आणि बदल्यात गाव देईल ते घ्यायचे. या वतनाच्या विरोधात बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात विधेयक आणले. १८७४ चा वतन कायदा बदला, कामाचा मोबदला ठरवून रोख द्या, अशी ती मागणी होती. ती वतने कायद्याने रद्द व्हायला १९५८ उजाडले. तेव्हा आमचे आजोबा तरुण होते. आणि आज त्यांची नात-सून आरामशीन झाडून बदल्यात लाकडाचा कचरा घरी आणते. नाव बदलले, पद्धत तीच राहिली. कामाची किंमत पैशात नाही, उरलेल्या वस्तूत.

पुढची फसवणूक ढलप्यांच्या आत आहे. वनखात्याच्या भाषेत सागाशिवायच्या लाकडाला 'आडजात' म्हणतात. लाकडालाही या देशात जात चुकली नाही! बायांच्या वाट्याला येते ते बहुतेक हे आडजात, आणि तेही ताजे चिरलेले, ओले. ताज्या ओल्या लाकडाच्या वजनात निम्म्यापर्यंत पाणी असू शकते. म्हणजे दहा किलोच्या पोत्यात पाच किलो लाकूड आणि पाच किलो पाणी.

याचा हिशेब एकदा मांडूनच बघा. अगदी सुक्या लाकडाच्या एका किलोत साधारण ४५०० किलोकॅलरी उष्णता असते. एक किलो पाणी तापवून वाफ करायला साधारण ६२० किलोकॅलरी जातात. दहा किलो ओल्या ढलप्यांत पाच किलो लाकडाची २२,५०० किलोकॅलरी, त्यातून पाण्याची वाफ करायला ३,१०० गेल्या, उरल्या १९,४००. त्याच दहा किलो ढलप्या वाळवून पाणी २० टक्क्यांवर आणलेल्या असतील तर आठ किलो लाकडाची ३६,०००, त्यातून १,२४० वजा, उरल्या ३४,७६०. म्हणजे वजन तेच, डोक्यावरचा भार तोच, पण उष्णता जवळजवळ पावणेदोन पट. ओल्या पोत्याचा निम्मा भार बाई पाण्यासाठी वाहते.

हा झाला कागदावरचा हिशेब. प्रत्यक्षात नुकसान यापेक्षा जास्त आहे. ओले लाकूड जळताना आच थंड राहते, लाकडातला वायू पूर्ण जळत नाही आणि त्याचा धूर होतो. फुंकणीने फुंकत बसलेल्या बाईच्या छातीत तो जातो, आणि तिच्या मांडीवर लेकरू असते. घरातल्या धुराच्या प्रदूषणामुळे २०२० या एका वर्षात जगात सुमारे ३२ लाख माणसे मेली, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. लाकूड सुके असले म्हणून चुलीचा धूर निरुपद्रवी होत नाही, हे आम्हाला माहीत आहे. पण ओले आणि सुके यांच्या धुरात किती फरक असतो ते कुठल्याही आईला विचारा. तिला आकडा लागत नाही, तिचे डोळे सांगतात.

आमची चूक

दोन वर्षांपूर्वीच्या जूनमध्ये पहिला मोठा पाऊस झाला. रात्रभर टिनांवर धो-धो. सकाळी वस्तीत गेलो तर घरोघरी एकच दृश्य. सांदवाडीत ताडपत्रीखाली ठेवलेली पोती खालून भिजलेली, ताडपत्री वाऱ्याने उडालेली. एक मावशी भिजलेल्या ढलप्या घरात आणून खाटेखाली पसरत होती. आम्हाला पाहून म्हणाली, "इंधनच ओलं झालं तं पोराईले काय रांधून देऊ?"

आम्ही पाच-सहा मुले-मुली. उत्साह भरपूर. आम्ही ठरवले की वस्तीच्या समाज मंदिरातली एक खोली रिकामी आहे, सगळ्यांची पोती तिथे ठेवू. दोन दिवसांत चाळीसेक पोती आली. त्यातली कित्येक त्याच आठवड्यात आरामशिनीतून आलेली, ओलीगच्च. आम्ही ती भिंतीला लावून एकावर एक रचली, वरून प्लास्टिक घट्ट बांधले, पावसाचे शिंतोडे येऊ नयेत म्हणून खिडकी बंद केली आणि दाराला कुलूप लावले. फोटोही काढले. चांगले काम केल्याचे समाधान घेऊन घरी गेलो.

पंधरा दिवसांनी कुलूप उघडले तेव्हा आतून गरम, आंबूस वाफ अंगावर आली. पोत्यांच्या आत हात घातला तर चटका बसण्याइतकी उष्णता नव्हती, पण ताप आलेल्या माणसाच्या अंगासारखी गरमी होती. ढलप्यांवर पांढरी-हिरवी बुरशी. पोती रिकामी करताना पावडरीसारखी धूळ उडाली आणि मदतीला आलेल्या एका वयस्क मावशीला त्याच संध्याकाळी धाप लागली. चार दिवस दवाखाना केला. ती बरी झाली, पण आमची मान खाली गेली ती गेलीच.

मग आम्ही वाचायला बसलो. जे कळले ते तुम्हालाही कळले पाहिजे, कारण चांगल्या हेतूने केलेले अज्ञानाचे काम कुणाच्या तरी शरीरावर जाते, आणि ते शरीर बहुतेक वेळा वस्तीतल्या बाईचे असते.

लाकूड अख्खे असते तेव्हा त्यात बुरशी आणि जिवाणू हळू शिरतात. त्याच्या ढलप्या झाल्या की बाहेर उघडा पडणारा भाग कितीतरी पटीने वाढतो. ओल्या ढलप्यांचा दाट ढीग केला की सूक्ष्मजीव आत वाढतात, ते लाकूड खातात आणि उष्णता सोडतात. ढिगाच्या पोटातली उष्णता बाहेर निघायला वाट नसते. कारखान्यांच्या मोठ्या ढिगांमध्ये काही दिवसांतच तापमान ६० अंशांच्या वर जाते, आणि पुढे तेच ढीग आतल्या आत पेटल्याच्या घटना जगभर नोंदल्या गेल्या आहेत. आमची चाळीस पोती पेटली नसती, पण जे लाकूड वाचवायला आम्ही निघालो होतो ते आतून सडत होते. आणि बुरशीची बीजे फुप्फुसात गेली की काहींना दम्यासारखा त्रास होतो. मावशीच्या बाबतीत तेच झाले, असे आम्हाला वाटते.

ज्या ढलप्या दाट रचल्याने सडतात त्याच पातळ पसरल्या तर अख्ख्या लाकडापेक्षा लवकर सुकतात. म्हणजे ढलप्या साठवण्याचे सगळे शास्त्र दोन वस्तूंवर येऊन थांबते: वाळवायला मोकळी जागा आणि ठेवायला हवा खेळणारे छप्पर. आता सांगा, आमच्या वस्तीत या दोनपैकी काय आहे?

छपराची जात

गावात पाटलाच्या, मोठ्या शेतकऱ्याच्या घरी जा. वाड्यामागे गोठा आहे, गोठ्याला लागून लांब सपरी आहे. तिथे चार वर्षांचे लाकूड रचलेले असते, खाली दगड, वरून कवेलू, दोन्ही बाजूंनी वारा. खळे आहे, अंगण आहे. त्या घरात आता गॅस आहे, गिझर आहे, तरीही त्यांचे लाकूड कोरडे आहे. आणि ज्या घरात रोज लाकूड लागते त्या घराला ते ठेवायला जागा नाही.

हे आपोआप झालेले नाही. गावठाणाच्या कडेला, नाल्याच्या बाजूला, सखल जागी आमच्या वस्त्या बसवल्या गेल्या. पिढ्या वाढल्या, जागा वाढली नाही. एका घराची तीन घरे झाली, सांदवाड्या बुजल्या. रमाई आवास योजनेतून घरकुल मिळाले, त्याचे क्षेत्रफळ २६९ चौरस फूट. त्यात निजायचे, रांधायचे, पोरांनी अभ्यास करायचा, म्हाताऱ्याची खाट ठेवायची. त्या नकाशात सरपणाची जागा कुठे आहे? ज्याने नकाशा काढला त्याने मनाशी ठरवून टाकले की या घरात गॅसच जळणार.

आणि आता सुरुवातीच्या फोटोकडे परत या. स्वच्छ भारत अभियानात १२,००० रुपयांच्या अनुदानातून संडास आले. कित्येक वस्त्यांत पाण्याचा नळ आला नाही, शोषखड्डा नीट झाला नाही. पण चार भिंती, पक्के छत आणि कडी असलेले दार मात्र आले. संपूर्ण घरात पाऊस न गळणारी, रिकामी अशी तेवढीच चार बाय चारची जागा. बाईने तिथे सरपण ठेवले. ती अडाणी आहे म्हणून नव्हे. पावसाळ्यात काय भिजले तर चालेल आणि काय भिजले तर चालणार नाही, याचा तिने विचार करून निर्णय घेतला आहे. त्या फोटोवर हसणाऱ्या माणसाने आयुष्यात कधी ओल्या लाकडावर सहा माणसांचा स्वयंपाक केलेला नाही. संडासाचा वापर व्हायलाच हवा, उघड्यावर जाण्यातला धोका आणि अपमान आमच्या बहिणींनाच सोसावा लागतो. पण त्यासाठी आधी पाणी द्या आणि सरपणाला दुसरे छप्पर द्या. मग बघू किती संडासांत लाकूड राहते.

'आता गॅस आला ना!'

हा प्रश्न आम्हाला आमच्याच कार्यकर्त्यांनी विचारला. त्यांचे म्हणणे असे की सरपणाच्या शेडसाठी भांडणे म्हणजे आमच्या बायांना चुलीशी बांधून ठेवणे. मागायचेच तर गॅस मागा, वीज मागा.

या म्हणण्यात दम आहे, म्हणून ते टाळायचे नाही. बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात होते, तेव्हा मजूर खात्याबरोबर वीज आणि सिंचन हे विषयही त्यांच्याकडे होते. स्वस्त आणि मुबलक वीज मिळाल्याशिवाय औद्योगिकीकरण नाही, आणि त्याशिवाय या देशातल्या गरिबाची सुटका नाही, ही त्यांची मांडणी होती. त्यांचे अनुयायी म्हणून आम्ही चुलीचे गोडवे गाणार नाही. हायवेवरच्या ढाब्यांवर 'चुलीवरचं मटण' असे बोर्ड लावून जी हौस विकली जाते तिच्याशी आमचे काही देणेघेणे नाही. ज्यांच्या आयांनी चुलीपुढे डोळे गमावले त्यांना धुराची चव सांगू नका.

पण वस्तुस्थितीकडेही बघा. उज्ज्वला योजना १ मे २०१६ ला सुरू झाली. शेगडी आली, पहिले सिलिंडर आले. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात ग्रामीण भारतातली स्वच्छ इंधनावर स्वयंपाक करणारी कुटुंबे ४३ टक्के निघाली. म्हणजे निम्म्याहून अधिक घरांची चूल तशीच. सरकारच्याच आकड्यांनुसार उज्ज्वलाचे लाभार्थी २०१९-२० मध्ये वर्षाला सरासरी तीनच सिलिंडर भरून घेत होते, पुढे हा आकडा चार-साडेचारच्या आसपास आला. पाच माणसांचा सगळा स्वयंपाक गॅसवर करायचा तर याच्या दुप्पट लागतात. उरलेले महिने कशावर निघतात? आमच्या वस्तीत गॅस पाहुणे आले की पेटतो, पोराची सकाळची शाळा असली की पेटतो. बाकी आंघोळीचे पाणी आणि दोन वेळची भाकर चुलीवरच.

म्हणून गॅसची मागणी सोडायची नाही. सिलिंडर मजुराच्या हातात परवडेल अशा किमतीला मिळाले पाहिजे, हा लढा मोठा आहे आणि लांबचा आहे. पण तो जिंकेपर्यंत दर जूनमध्ये बाईने ओले लाकूड फुंकत बसायचे का? दवाखाना येईपर्यंत जखमेला पट्टी बांधायची नाही, असे कुणी म्हणते का?

आणि शासनाला लाकूड कसे साठवायचे ते माहीत नाही असेही नाही. ऑक्टोबर २०२१ मध्ये केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने औष्णिक वीज केंद्रांना कोळशाबरोबर ५ टक्के जैवइंधनाच्या कांड्या जाळण्याचे धोरण ठरवून दिले. त्या कांड्यांच्या खरेदीत किती ओलावा चालेल ते टेंडरमध्ये लिहिलेले असते. गाडी आली की नमुना तपासला जातो, ओला माल परत जातो. साठवायला बंदिस्त शेड, आग विझवायची व्यवस्था. बॉयलरला ओले इंधन चालत नाही म्हणून एवढी काळजी. मग आमच्या आईच्या फुप्फुसाला ओले इंधन चालते, हे कुठल्या टेंडरमध्ये ठरले? लोखंडी बॉयलरसाठी नियम आहेत आणि माणसासाठी नाहीत, यालाच आम्ही जातव्यवस्था म्हणतो. ती फक्त मंदिराच्या दारात नसते.

विहाराच्या मागची सपरी

पहिल्या वर्षीच्या फजितीनंतर आम्ही ग्रामपंचायतीत गेलो. वस्तीसाठी सरपणाची एक सामाईक शेड द्या म्हणालो. उत्तर आले की अशी कुठली योजनाच नाही, 'दलित वस्ती'च्या निधीतून रस्ता किंवा नाली घ्या. रस्ता तर आधीच दोनदा झालेला. एकाच रस्त्यावर दोनदा सिमेंट ओतता येते, पण बायांच्या सरपणावर एक टिन टाकता येत नाही.

मग वस्तीतच बैठक झाली. विहाराच्या मागची भिंत वाऱ्याच्या बाजूला आहे, तिला लागून बांबू-टिनाची सपरी काढू, असा विचार पुढे आला. विहार समितीतले एक ज्येष्ठ काका उठले. त्यांनी साठ-सत्तरच्या दशकापासून चळवळ पाहिलेली, त्यांचा मान आहे. ते म्हणाले, "विहार बुद्धाची जागा. तिथं सरपण ठेवून शोभा घालवायची का? लोक काय म्हणतील?" काही क्षण कुणीच बोलले नाही. मग तीच धाप लागलेली मावशी मागून म्हणाली, "काका, आमच्या छातीत धूर भरते ते चालते, आन् भिंतीले लाकूड टेकलं तं चालत नाही?"

काका खाली बसले. त्यांनी होकार दिला नाही आणि विरोधही केला नाही. आठ दिवसांनी लोकवर्गणीच्या यादीत त्यांचे नाव पहिले होते. आम्ही ही गोष्ट मुद्दाम सांगतो आहोत. आमच्यातही स्वच्छतेची, शोभेची एक कल्पना रुजली आहे, जी आमच्या घरातल्या कष्टाला लाजते. शिकलेल्या पोराला आईच्या डोक्यावरचे पोते लपवावेसे वाटते. त्या संडासाच्या फोटोवर आमची मुले हसली ती याच लाजेतून. ही लाज आधी टाकली पाहिजे.

सपरी झाली. मागचा पावसाळा तिच्यात गेला. सगळ्या घरांना पुरेल एवढी ती नाही, अजूनही काही पोती खाटेखाली असतात. पण एकोणीस घरांना ऑगस्टमध्ये सुके लाकूड मिळाले. आम्ही काय केले ते थोडक्यात लिहितो, म्हणजे तुम्हाला आमच्या चुका पुन्हा कराव्या लागणार नाहीत.

ढलप्या मार्च ते मे मध्येच गोळा करायच्या आणि जमिनीवर चार बोटांच्या थरात उन्हात पसरायच्या, रोज एकदा हलवायच्या. सुकल्या की नाही हे ओळखायला एक पोते खुणेसाठी ठेवून दर दोन-तीन दिवसांनी तोलायचे. वजन उतरायचे थांबले की समजायचे, झाल्या. दोन सुक्या ढलप्या एकमेकींवर आपटल्या तर टणत्कार येतो, ओल्या थपथप वाजतात. पोती प्लास्टिकची नकोत, बारदानाची घ्या. जमिनीवर ठेवू नका, विटांवर बांबूचा माचा करून फूटभर उंच ठेवा. भिंतीला चिकटवू नका, मध्ये हात जाईल एवढी फट सोडा. छप्पर पुढे काढा, पण बाजू पूर्ण बंद करू नका. जुने आधी वापरा आणि सुक्यावर ओले कधीही टाकू नका. आठवड्यातून एकदा पोत्यात हात घाला, गरम लागले तर लगेच मोकळे पसरा. बुरशी दिसली तर तोंडाला कापड बांधल्याशिवाय हलवू नका. भुसा वेगळा ठेवा, तो हवा खेळू देत नाही. रंग, पॉलिश किंवा प्लायवूडचे तुकडे चुलीत घालूच नका, त्यांच्या धुरात विष असते. आणि माणसे निजतात त्या बंद खोलीत ढीग नको, विजेच्या वायरखाली तर अजिबात नको.

आता काय करायचे?

वर्गणीतून सपरी बांधणे हे उत्तर नाही. ते आम्ही नाइलाजाने केले. ज्यांच्याकडे सगळ्यात कमी आहे त्यांनीच आपल्या हक्काची वस्तू वर्गणी काढून उभी करावी, हे शासनाला सोयीचे आहे. म्हणून मागण्या स्पष्ट ठेवू.

एक, 'अनुसूचित जाती व नवबौद्ध घटकांच्या वस्त्यांचा विकास करणे' या योजनेत इंधन साठवणुकीच्या सामाईक शेडचे काम घेता आले पाहिजे. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नाचे १५ टक्के मागासवर्गीयांसाठी आणि १० टक्के महिला व बालकल्याणासाठी खर्च करायचे असतात. तुमच्या गावात ते कशावर खर्च झाले याचा हिशेब माहितीच्या अधिकारात मागा.

दोन, शेडला जागा लागते. गायरान कुणाच्या बापाचे नाही. दादासाहेब गायकवाडांनी १९५९ मध्ये भूमिहीनांचा सत्याग्रह उभा केला, तो जमिनीच्या तुकड्यासाठीच होता. वस्तीच्या बायांच्या नावाने दोन गुंठे मागणे हा त्याच लढ्याचा भाग आहे.

तीन, २००६ च्या वनहक्क कायद्यात निस्तार हक्क आहेत आणि गौण वनोपजात झुडपी लाकूड आणि खुंट धरलेले आहेत. पण बिगर-आदिवासी वननिवासींकडून तीन पिढ्यांचा, म्हणजे ७५ वर्षांचा पुरावा मागितला जातो. ज्यांना गावाने कधी सातबारावर येऊ दिले नाही त्यांनी ७५ वर्षांचा कागद कुठून आणायचा? ही अट बदलण्याची मागणी आमच्या अजेंड्यावर आलीच पाहिजे.

चार, आरामशिनीवर काम करणाऱ्या बाईला किमान वेतन रोख मिळाले पाहिजे. ढलप्या हव्या असतील तर ती विकत घेईल, आणि सुक्या बघून घेईल.

ग्रामसभा १ मे ला असते, तिच्या आधी महिला ग्रामसभा होते. तिथे बायांनीच उभे राहून हा ठराव मांडावा. आम्ही पोरांनी मागे बसून कागद सांभाळावेत, माइक ओढू नये. त्याआधी एक काम करा. वही घ्या आणि आपल्या वस्तीतल्या प्रत्येक घरी जाऊन तीन गोष्टी लिहा: वर्षाला किती सिलिंडर भरले, सरपण कुठून येते, आणि पावसाळ्यात ते कुठे राहते. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर 'खाटेखाली' किंवा 'संडासात' असेल तर पेन खाली ठेवू नका, तेही लिहा. ही वही तुमचा पुरावा आहे. अधिकाऱ्यापुढे रडगाणे चालत नाही, आकडा चालतो.

आणि पुढच्या वेळी तो फोटो तुमच्या ग्रुपवर आला तर हसू नका, आणि गप्पही बसू नका. पाठवणाऱ्याला एवढेच विचारा: हिच्या घरात पाऊस न गळणारी दुसरी जागा कुठे आहे, ते दाखव.

पाऊस दरवर्षी जूनमध्येच येतो. आपल्या हातात उन्हाळा आहे.

जय भीम! जय संविधान!